नाणी साफ करतानाच्या नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

सकाळी साडेसहाला मेटल डिटेक्टर घेऊन शेतावर पोचलो, जमिनीतली जुनी नाणी शोधायला. गहू कापून झालाय, धसकटं घोट्याएवढी आहेत, वर्षातले हेच सहा-सात आठवडे खरे कामाचे, एकदा नांगरून पेरलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत पाय टाकता येत नाही. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या दक्षिणेला चुनखडीचे डोंगर सुरू होतात त्यांच्या पायथ्याचं शेत आहे, मालकाची लेखी परमिशन आहे, आणि खजिना म्हणून काही निघालंच तर निम्मं-निम्मं असंही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. जवळच वॉनबरोपाशी रोमन काळात दुरोकॉर्नोवियम नावाचं गाव होतं. ती जागा संरक्षित आहे, तिथे डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे आणि मी त्या बाजूला जातही नाही, पण जुना रोमन रस्ता ह्याच पट्ट्यातून जातो त्यामुळे आजूबाजूच्या शेतांत त्या काळातलं काहीतरी पडलेलं असतंच.

पाच तासांत जे मिळालं ते: बारकी रोमन ब्राँझ नाणी ७, त्यातली ४ कुंपणाच्या ईशान्य कोपऱ्यात आणि ३ इकडेतिकडे विखुरलेली. इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जचा एक हाफपेनी. १७९७ ची एक जाडजूड पेनी. आणि चांदीचं अर्धं नाणं, म्हणजे मधोमध कापलेलं. बाकी बंदुकीची काडतुसं, शिसं, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, ते सगळं नेहमीसारखं पिशवीत भरून घरी आणलं, शेतात परत टाकायचं नाही.

एक सवय आता पक्की झालीये आणि ती लिहून ठेवतो कारण सुरुवातीच्या दोन वर्षांत मी हीच चूक करत होतो. नाणं मातीतून वर आलं की अंगठा आपोआप त्याच्यावर फिरतो, कोणाचं तोंड आहे ते बघायला. माती म्हणजे वाळूच, बारीक गारगोटी, तो अंगठा म्हणजे सरळ पॉलिश पेपर. आता नाणं उचललं की तसंच मातीसकट छोट्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर नंबर आणि फोनवरून ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या नेमक्या जागेचा आकडा. रोमनना र१ ते र७ दिलेत, कोपऱ्यातली चार म्हणजे र३, र४, र५, र७.

दुपारी पळत घरी कारण उद्या गौरी येणार आहेत आणि मखराचं निम्मं काम माझ्याकडे आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या, घर शांत झालं, रात्री दहाला टेबलावर बसलो. आधी वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो, माती असतानाच. र३: १७ मिमी, २.४ ग्रॅम. र५: १८ मिमी, २.५ ग्रॅम. जॉर्जचा हाफपेनी २८ मिमी, ८.९ ग्रॅम. मोठी पेनी ३६ मिमी, २६.८ ग्रॅम.

मोठ्या पेनीला मी ढब्बूच म्हणणार. हिला इथे कार्टव्हील म्हणतात, गाडीचं चाक, कारण कडा तशीच रुंद आणि उचललेली आहे. नवी असताना बरोबर एक औंस तांबं होतं, म्हणजे २८.३ ग्रॅम, सव्वादोनशे वर्षांत दीड ग्रॅम झिजलंय. बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनची सोहो टांकसाळ होती, वाफेच्या यंत्रांवर चालणारी, तिथे पाडलेलं हे नाणं. आणि मला हिच्याबद्दल जास्त माया वाटायचं कारण असं की त्याच सोहो टांकसाळीत १७९१ पासून ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे पडत होते, एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू, त्यात फारसी लिपीत 'अदल'. ते जहाजातून मुंबईला जायचे. म्हणजे कोकणातल्या किंवा पुण्याच्या बाजारात फिरलेला तराजूवाला पैसा आणि ही विल्टशरच्या चिखलातली पेनी, दोघी एका घरच्या.

आता पाण्याबद्दल. आमच्या भागातलं नळाचं पाणी फार जड, किटलीत पांढरा थर बसतो, शिवाय त्यात क्लोरीन, आणि क्लोराइड हा ब्राँझचा वैरी आहे. म्हणून गाडीच्या सामानाच्या दुकानातून पाच लिटरचा डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याचा कॅन आणला. दह्याचे रिकामे डबे धुऊन प्रत्येकात एकच नाणं, झाकणावर नंबर. सात रोमनपैकी तीनच भिजवली, र३, र५ आणि र१, बाकीची तशीच कोरडी ठेवलीत. चांदीचं अर्धं नाणं पाण्यात बुडवून काढलं, माती आपोआप सुटली, मऊ कापडावर ठेवून सुकवलं, झालं, त्याचं काम संपलं. तेराव्या शतकातली पेनी आहे, तिसऱ्या हेन्रीची, १२४७ नंतरच्या लांब क्रॉसवाली. क्रॉस नाण्याच्या कडेपर्यंत नेलेला असायचा आणि सुट्टे हवे असले की त्याच रेषेवर नाणं कापून अर्धं करायचे. आपली अधेली निदान वेगळी पाडलेली असायची, इथे खरोखरच अर्धा तुकडा. ०.६ ग्रॅम. चांदी कागदासारखी पातळ आणि इतकी वर्षं जमिनीत राहून ठिसूळ झालेली असते, दोन बोटांत वाकवलीत तर तुटेल, म्हणून घासणं नाही, अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोडा वगैरे तर नाहीच.

४ सप्टेंबर, गुरुवार

रोज रात्री पाणी बदलतोय. पहिल्या दिवशी चहाच्या रंगाचं, आज जवळजवळ स्वच्छ. ढब्बूवरची माती भिजून मऊ झाली, तिची अक्षरं बाकीच्या नाण्यांसारखी उठावाची नाहीत, त्या रुंद कडेत खोल दाबलेली आहेत, त्यामुळे राजाचा चेहरा झिजून गुळगुळीत झाला तरी अक्षरं शाबूत, पण चिखलही नेमका त्यांच्यातच घट्ट बसतो. बांबूच्या टूथपिकचं टोक पाण्यात चावून थोडं ब्रशसारखं करायचं आणि एकेका अक्षरातून फिरवायचं. लेक बाजूला बसून 'जी' आला, 'ई' आला असं ओरडत होती. पाऊण तासात पूर्ण नाव वाचता आलं. ढब्बू छान चॉकलेटी निघाली, गुळगुळीत. ही आता सुकली की हलकं वॅक्स.

६ सप्टेंबर, शनिवार

बाप्पाचं विसर्जन झालं. आणि मी हाफपेनी बिघडवला.

बरेच डिटेक्टरवाले जॉर्जच्या काळातल्या तांब्यावर केमिस्टकडचं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, कपात घालून कप गरम पाण्यात ठेवायचा, बुडबुडे येतात आणि त्या बुडबुड्यांनी फटीतली माती उचलली जाते. नाण्याचा वरचा थर टणक आणि अखंड असेल तर जमतंही. माझ्या हाफपेनीचा थर तसा नव्हता, उजव्या बाजूला भुसभुशीत होता, ते मला भिंगातून दिसलं होतं आणि तरी मी घातला, कारण ढब्बू चांगली निघाल्यामुळे हात शिवशिवत होते. दहा मिनिटांत पाणी हिरवट आणि ब्रिटानियाच्या, म्हणजे मागे ढाल घेऊन बसलेल्या बाईच्या, बाजूला अर्धा थर पोपडा सुटावा तसा सुटून तळाला. खाली लालसर गुलाबी उघडं तांबं, खड्डे खड्डे. तिची ढाल गेली, साल गेलं. साल १७७० ते १७७५ मधलंच असणार एवढंच आता म्हणता येतं, शेवटचा आकडा आधीच्या फोटोतही मातीखाली होता.

नोंद: थर भुसभुशीत दिसला की पेरॉक्साइड नाही. गरम तर नाहीच.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज र३. हा दिवस मी विसरणार नाही.

बारा दिवस पाण्यात होतं. ओलं असतानाच यूएसबी मायक्रोस्कोपखाली घेतलं, टूथपिक आणि गुलाबाचा एक काटा. काटा भारी काम करतो, धातूपेक्षा मऊ आणि मातीपेक्षा टणक. आधी शिरस्त्राणाची कलगी दिसली, मग नाक, मग डावीकडे 'उर्ब्स', लॅटिनमध्ये शहर, म्हणजे रोम. तेवढ्यावरूनच कळलं होतं मागे काय असणार, तरी उलटवताना छातीत धडधडत होतं. नाण्याच्या मागच्या बाजूला लांडगीण. मान वळवून मागे बघतेय, पोटाखाली दोन पोरं दूध पितायत, वर दोन चांदण्या. रोम्युलस आणि रेमस, रोम वसवणारे दंतकथेतले जुळे भाऊ. तिच्या पायाखाली तीन अक्षरं, त्यातली पहिली दोन 'टी' आणि 'आर', म्हणजे ट्रियरची टांकसाळ, आजच्या जर्मनीत. ३३० साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल ह्या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं तेव्हा जुन्या रोमचा मान म्हणून हे एक आणि नव्या शहराच्या नावाचं एक अशी जोडीची नाणी निघाली होती, दोन्ही हजारोंनी मिळतात, बाजारात किंमत फार नाही. मला किंमतीशी काय करायचंय. दाण्याएवढ्या त्या पोरांचे हात दिसतायत मला.

लेकीला दाखवलं. ती म्हणाली लांडगीण त्यांना चाटायला वळलीये. मला हे सुचलं नसतं.

साफ करताना नेमकं काय होतं ते लिहून ठेवतो कारण मला हे समजायला वेळ लागला. नाणं जमिनीत असताना तांबं हळूहळू बाहेर येतं आणि पृष्ठभागावरच नवीन रूपात बसतं. आत लाल थर, त्याच्यावर हिरवा, मॅलाकाइटचा, आणि त्याच्यावर माती धरून राहिलेलं किटण. आपल्याला वाटतं हिरवं म्हणजे घाण आणि खाली चकचकीत राजा बसलाय. पण राजाचं नाक, डोळा, अक्षरं, हे सगळं त्या थरांतच उरलेलं असतं, मूळ पृष्ठभाग तिथे आहे. खालचा धातू खाल्ला गेलाय, तो खडबडीत असतो. म्हणजे सगळा कळंक काढून 'स्वच्छ' केलं की हातात येतो तो नुसता धातूचा गोळा. काढायचं ते फक्त सगळ्यात वरचं किटण, आणि हिरव्याच्या वर थांबायचं. ही दोन पापुद्र्यांमधली फट कुठे आहे ते डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतं, माती कुरकुरते, पॅटिनावर, म्हणजे त्या हिरव्या थरावर, टोक सरकतं.

म्हणूनच लिंबू, व्हिनेगर, आणि मिठाच्या पाण्यात मोबाइलचा चार्जर जोडून इलेक्ट्रोलिसिस करायचे ते व्हिडिओ बघवत नाहीत. अ‍ॅसिड सगळेच थर विरघळवतं. आणि मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरीन वायू सुटतो, तो बंद खोलीत नाकात जातो. इलेक्ट्रोडला स्टेनलेसचा चमचा लावला असेल तर त्यातलं क्रोमियमही विषारी रूपात पाण्यात उतरतं. घरात मूल आहे, हे होणे नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

कालच्या आनंदात आज लगेच र५ आणि र७ घेतली. र७ तर भिजवलंही नव्हतं, सकाळी दोन तास पाण्यात ठेवलं फक्त. र७ ठीक निघालं, दोन सैनिक आणि मध्ये एक ध्वज, ३३५ नंतरचं. र५ वर किटण चिवट होतं, टूथपिकने हलेना म्हणून स्काल्पेल काढली. आडवी धरून, पातं टेकवून, हळू. निघालं, चेहरा आला, छान आला असं वाटलं. मग मायक्रोस्कोपचं झूम वाढवलं तर कानाच्या मागे, जिथे पातं पोचलं नव्हतं, तिथे एक राखाडी चमकता ठिपका. चांदी. ही नाणी ब्राँझचीच, पण नवी असताना वर चांदीचा पुसट हात दिलेला असायचा आणि क्वचित तो टिकतो. ह्याचा टिकला होता, किटणाच्या लगेच खाली. बाकी सगळ्या चेहऱ्यावरून मी तो खरवडून काढला.

सोळाशे नव्वद वर्षं टिकलेलं वीस मिनिटांत.

स्काल्पेल ड्रॉवरच्या मागे ठेवली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

र२, जे मी भिजवलंही नव्हतं, त्याच्या पिशवीत पोपटी पावडर. ब्राँझ डिसीज. चांगला हिरवा थर टणक आणि गुळगुळीत असतो, नखाने निघत नाही. हा फिकट, पिठासारखा, टूथपिक लावली की गळतो आणि खाली खड्डा असतो. आत तांब्याचं क्लोराइड अडकलेलं असतं, त्याला हवेतली ओल मिळाली की त्यातून आम्ल बनतं, ते आम्ल नवीन तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड, आणि हे चक्र स्वतःच्या जोरावर चालू राहतं जोपर्यंत तांबं आहे तोपर्यंत. शेतात खतांतून पण क्लोराइड येतं.

घरातली आर्द्रता बघितली, छोटं मीटर आहे, ६४ टक्के. ती साधारण ४२ च्या खाली ठेवली तरच हे चक्र थांबतं, इंग्लंडच्या शरद ऋतूत उघड्या टेबलावर हे शक्य नाही. उपाय म्हणून धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवतात, क्लोराइड हळूहळू बाहेर येतं, पण पॅटिनाचा रंगही बदलू शकतो. बेंझोट्रायाझोल ह्या गंज रोखणाऱ्या रसायनाचं काम म्युझियमवाले करतात, त्याला ग्लोव्हज आणि धूर खेचणारी व्यवस्था लागते, ते मी घरी आणणार नाही. तूर्त पावडर टूथपिकने काढली, सुकवलं, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद केलं. सगळ्याच नाण्यांना आता जेलचे डबे. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद गरम करून परत निळं करायचं.

ऑलिव्ह ऑइलबद्दल ऑफिसात एकाने विचारलं. जुनी पद्धत आहे, महिनोन् महिने बुडवून ठेवायचं. तेलातही आम्लं असतात, फक्त हळू काम करतात, आणि नंतर तेल फटींतून निघत नाही. माझं मत नाही असंच आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल, साताऱ्याहून. देवघरातली भांडी, टाक, सगळं ओळीत मांडून चिंच लावून घासायला घेतलं होतं. आणि त्यात शिवराई.

ती शिवराई आमच्या घरात किती पिढ्या आहे कोणालाच माहीत नाही. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की त्यांच्या लहानपणी तिच्यावर 'श्री राजा शिव' वाचता यायचं, एका ओळीखाली एक, आणि मागे 'छत्रपति'. मी लहान असताना 'जा' आणि अर्धा 'शि' दिसायचा. आज कॅमेऱ्यासमोर आईने धरली तर लालबुंद, लखलखीत, आणि त्यावर काहीही नाही. एक पुसट रेघ.

दर दसऱ्याला, दर दिवाळीला, गुढीपाडव्याला, चिंच आणि मीठ. चिंचेतलं आम्ल त्या वर्षीचा थर विरघळवतं, अंगठा तो पुसून नेतो, मीठ आत क्लोराइड सोडतं, पावसाळ्यात साताऱ्याची ओल ती परत काळी-हिरवी करते, मग परत चिंच. वर्षाला तीनदा, शंभर वर्षं. आणि हे सगळं भक्तीने केलेलं. आजीचे हात मला आठवतात, तिने त्या नाण्याला जेवढं जपलं तेवढं कशालाच नाही.

आईला म्हटलं, तिला चिंच नको लावूस आता. ती म्हणाली, "अरे पण काळं पडलेलं देवापुढं कसं ठेवायचं? लोकं म्हणतील देव घासत नाही ही." मी तिला लांडगिणीचा फोटो पाठवला, आधीचा आणि नंतरचा, आणि सांगितलं की हिरव्यातच चेहरा असतो. तिने बराच वेळ बघितला. मग विचारलं, "पंचामृत?" म्हटलं दही पण आंबटच. "मग पळीभर पाणी चालेल ना नुसतं?" चालेल, पण लगेच टिपून कोरडी करायची. 'बघते' म्हणाली. आईचं 'बघते' म्हणजे पन्नास टक्के.

चुलतभावाचा मेसेजही आलाय, येताना डिटेक्टर घेऊन ये, गडावर जाऊ. त्याला नीट उत्तर लिहिलं. संरक्षित गडावर खोदणं गुन्हा आहे, आणि जमिनीत दहा रुपयांच्या वर किंमतीचं काही जुनं पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय गडावर नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी आहे हीच खरी माहिती, ते उपटून खिशात घातलं की ती गेली. डिटेक्टर इथेच राहील.

११ ऑक्टोबर, शनिवार

शेतकऱ्याचा फोन होता की पुढच्या आठवड्यात पेरणी, शेवटचं येऊन जा. सरळ ईशान्य कोपऱ्यात गेलो. दीड तासात सात. सगळी तीच, बारकी, नांगराच्या थरातली, पंधरा-वीस पावलांच्या आत. सातव्याला थांबलो आणि फोनवर ऑगस्टचे ग्रिड रेफरन्स काढले. र३, र४, र५, र७, सगळी ह्याच वर्तुळात. चार आणि सात अकरा.

इथला कायदा असा आहे, १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट: सोनं-चांदी १० टक्क्यांहून कमी असलेली नाणी असतील तर एकाच ठेव्यातली दहा किंवा जास्त आणि तीनशे वर्षांपेक्षा जुनी असली की तो खजिना धरला जाऊ शकतो, आणि तशी शंका आल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे खजिन्याची चौकशी करणाऱ्या इथल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. शिवाय खाली, नांगर पोचत नाही त्या खोलीवर, एक मोठा सिग्नल येत होता. तो खणला नाही. खड्डा बुजवला, जागेचा फोटो काढला, शेतकऱ्याकडे गेलो. त्याने चहा पाजला आणि म्हणाला तो कोपरा ह्या वर्षी पेरायचा ठेवतो, काय ते बघून घ्या.

परत येताना गाडीत एकच विचार. अकरातली तीन मी साफ केलीत. आणि त्यातल्या एकाची चांदी काढलीये.

सातही नवीन नाणी मातीसकट पिशव्यांत आहेत. हात लावलेला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फाइंड्स लायझन ऑफिसरशी बोललो. ब्रिटिश म्युझियम चालवतं त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे हे प्रत्येक भागातले अधिकारी, सापडलेल्या वस्तूंची नोंद करून घेतात आणि खजिन्याचं कळवायचं काम पण त्यांच्यामार्फत होतं. बाई शांत होत्या. पहिलं वाक्य: काहीही साफ करू नका. मी म्हटलं तीन केलीत. विचारलं कशाने. सगळं सांगितलं, किती दिवस पाणी, टूथपिक, काटा, स्काल्पेल, चांदीचा ठिपका. माझ्याकडे आधीचे फोटो आणि वजनं आहेत म्हटल्यावर म्हणाल्या ते फार उपयोगाचं, सगळं पाठवा.

मग त्यांनी समजावलं की ठेव्यातल्या नाण्यावरची माती म्हणजे नुसती माती नसते. नाणी कापडी पिशवीत ठेवली होती का चामड्याच्या, त्याचे धागे तांब्याच्या क्षारांमुळे सडायचे वाचतात आणि किटणातच चिकटून राहतात. दोन नाणी एकमेकांना चिकटलेल्या खुणा असतात. र५ वरचं जे 'चिवट किटण' मी खरवडलं ते नेमकं काय होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यांनी हे म्हटलं नाही, माझं मला कळलं. ऑगस्टच्या फोटोत त्या किटणात समांतर रेघा दिसतात. मी परत परत झूम करून बघतोय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

ऑफिसातून लवकर आलो. इथे सहालाच अंधार. चौरंगावर दोन राणीछाप रुपये, बायकोच्या माहेरचे, ते आम्ही यंदा न घासता ठेवले. चांदी काळपट, राणीचा चेहरा उलट जास्त उठून दिसतोय, केसांच्या वेणीतली काळी रेष न् रेष.

आईचा फोटो आला. शिवराई, घासलेली नाही. दसऱ्यानंतरच्या तीन आठवड्यांत तांबडी होती ती तपकिरी व्हायला लागलीये. खाली लिहिलं होतं, "पाण्याने धुतली, टिपली. हळदकुंकू लांबून वाहिलं."

८ नोव्हेंबर, शनिवार

गुरुवारी ऑफिसर बाई आणि अजून एक पुरातत्त्ववाले शेतावर आले होते, मी रजा घेतली. त्या मोठ्या सिग्नलवर दोन मीटरचा चौकोन आखून, खुरप्याने, एकेक थर, मोजत, चित्र काढत खाली गेले. नांगराच्या थरात अजून तीन नाणी मिळाली. मोठा सिग्नल निघाला नांगराच्या जुन्या फाळाचा तुकडा. मडकं नाही, ठेवा जागेवर नाही, जे होतं ते कधीच नांगरटीत विखुरलंय. तरी चौदा नाणी एका जागची आहेत, त्यामुळे कागदपत्रं पुढे जातील, ठरवणारे ते.

सगळी त्यांच्याकडे दिली, पावती मिळाली. र३, र५, र७ च्या पिशव्यांत मी कागद घातला: तारीख, कशाने साफ केलं, किती वेळ, कुठे थांबलो, काय गेलं. त्यांनी तो वाचला आणि पिशवीवर माझ्या नंबराशेजारी त्यांचा नंबर घातला. लांडगीण पण गेली, लेकीने सकाळी तिला टाटा केला होता.

घरी उरलेलं: र२ डब्यात, पावडर परत आलेली नाही, मीटर ३५ टक्के. र१ दहा आठवडे भिजलं, किटण हलत नाही, काढून सुकवून ठेवलं, कोणाचं नाणं आहे ते कळलं नाही आणि मी पुढे जाणार नाही. र६ ला हात लावलेला नाही. ढब्बूला कोमट करून रेनेसाँ वॅक्सचा एक पातळ हात दिला, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात तयार झालेलं हे वॅक्स, लागलं तर नंतर काढता येतं म्हणून चांगलं. हाफपेनी टेबलावर समोरच ठेवलाय.

२० डिसेंबरचं तिकीट आहे. बॅगेत भरायचं: छोटा वजनकाटा, कॅलिपर, यूएसबी मायक्रोस्कोप, सिलिका जेल, झाकण घट्ट बसेल अशी डबी. शिवराईचं वजन, व्यास, दोन्ही बाजू तिरप्या उजेडात. तिरपा उजेड टाकला तर 'जा'ची जागा कदाचित अजून सापडेल, आईला शेजारी बसवून बघायचं.